दारावरचा तारा

मार्गशीर्ष सरत आला म्हणजे सावलीच्या परिसरांत धानाचीं पुंजणीं रचून झालेलीं असतात, खळ्यांवर मळणी चालू असते आणि वैनगंगेकडून येणारा गार वारा दिवेलागणीलाच लोकांना घराच्या आंत लोटतो. झाडीपट्टींतील नाटकांचा हंगामही याच दिवसांत भरांत असतो. सावलीहून एक रस्ता मूलवरून चंद्रपुरास जातो आणि दुसरा वैनगंगा ओलांडून गडचिरोलीस. या रस्त्यांवरच्या खेड्यांतून नाताळाची खूण क्वचितच दिसावयाची. परंतु चंद्रपूर किंवा नागपूर गांठावें, तों डिसेंबरच्या मध्यास दुकानांपुढें लाल, पिवळे, पांढरे कागदी तारे टांगलेले दिसूं लागतात. आणि ख्रिस्ती घराच्या ओटीवर, खिडकीबाहेर किंवा उंच काठीच्या टोंकाला, पोटांत दिवा घेतलेला असा एखादा तारा रात्रभर तेवत असतो.

हा तारा इंग्रजांनीं आणला आणि त्यांचें राज्य गेल्यावर त्यांच्या मागें राहिला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतींत सत्याचा अंश आहे, पण फारच थोडा. मराठी दारापर्यंत हा तारा ज्या वाटेनें आला ती वाट लंडनहून सरळ आलेली नाहीं. तिला गोंव्याचें एक वळण आहे, जर्मनींतील एका शाळेचें दुसरें वळण आहे, आणि शेवटचें वळण तर चांद्याच्या बांबूच्या रानांतून जातें.

मूळ कथा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. पूर्वेकडील ज्योतिषी एका ताऱ्याच्या मागोमाग यहूदियांत आले, आणि बालक जेथें होतें त्या जागेवर तो तारा येऊन थांबला. तेथें ते ‘घरांत’ गेले असें मत्तय सांगतो. गोठ्याचा उल्लेख तो करीत नाहीं. बाळाला ज्या गव्हाणींत निजविलें ती गव्हाण लूकच्या शुभवर्तमानांतील आहे. म्हणजे अंगणांत गोठ्याचा देखावा मांडणारा लूकचें ऐकतो आणि घरावर तारा बांधणारा मत्तयाचें. बहुतेक घरें दोघांचेंही ऐकतात. हा तारा खरोखर कोणता, याविषयीं पंडितांनीं पुष्कळ डोकेफोड केली आहे. १६०४ सालीं आकाशांत एक नवा तारा प्रकट झाल्यानंतर केप्लरनें मागचें गणित करून पाहिलें, तेव्हां इसवी सनापूर्वीं ७ व्या वर्षीं मीन राशींत गुरु-शनींची युति झाली होती असें त्यास आढळलें. ती युति एका वर्षांत तीन वेळां घडली होती, हें आजचें गणितही मान्य करतें. तथापि कागदाचा तारा चिकटविणाऱ्यास या गणिताची कधींच अडचण पडली नाहीं.

दारावर दिवे व पाने लावण्याविषयींचा वाद मात्र नाताळाहूनही जुना आहे. २५ डिसेंबर ही तिथि जन्मोत्सवाची म्हणून रोमच्या ३५४ सालच्या पंचांगांत प्रथम स्पष्ट आढळते. त्यापूर्वीं सुमारें दीडशें वर्षें, उत्तर आफ्रिकेंतील कार्थेज नगरांत तर्तुल्लियन नांवाचा एक कडवा ख्रिस्ती ग्रंथकार होऊन गेला. रोमन लोक उत्सवाच्या दिवशीं दारावर दिवे आणि लॉरेलच्या पानांचे हार लावीत. ख्रिस्ती लोकही शेजाऱ्यांचें पाहून तसेंच करूं लागले. तर्तुल्लियनानें मूर्तिपूजेविरुद्ध लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत त्यांची चांगलीच हजेरी घेतली. त्याची तक्रार अशी कीं, आतां मूर्तिपूजकांच्या दारांपेक्षां ख्रिस्ती लोकांच्याच दारांवर दिवे आणि हार अधिक दिसूं लागले आहेत. घराच्या आंत मनुष्य कोणाची प्रार्थना करतो हें शेजाऱ्यास दिसत नाहीं. दार मात्र दिसतें. म्हणूनच धर्मांतर केलेल्या मनुष्याच्या दाराकडे दोन्हीं बाजूंचे लोक बारकाईनें पाहत राहतात. कार्थेजमध्यें हें झालें तसेंच सोळाशें वर्षांनंतर महाराष्ट्रांतही झालें.

आतां मराठी मुलखांतील प्रॉटेस्टंट मिशनांकडे वळलें असतां एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारींत मुंबईस उतरले. १८३१ मध्यें अहमदनगरचें ठाणें निघालें. या मंडळीचें मूळ बोस्टनकडे, म्हणजे मॅसाच्युसेट्सच्या प्युरिटन परंपरेंत. त्याच मॅसाच्युसेट्समध्यें १६५९ सालीं नाताळ पाळणें हा गुन्हा ठरवून पांच शिलिंग दंड लाविला होता. कायदा १६८१ मध्यें उठला. परंतु मनांतील तिटकारा उठण्यास फार काळ लागला, आणि त्या प्रांतांत नाताळची सार्वजनिक सुटी १८५६ मध्यें मिळाली. अहमदनगरचें ठाणें निघालें, तेव्हां मागें स्वदेशांतच हा सण सुटीचा नव्हता!

नागपूरची हकीकत याहूनही बोलकी आहे. तेथें स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या आरंभीं आला. याच हिस्लॉपचें नांव आज नागपुरांतील महाविद्यालयास आहे. गोंड लोकांची भाषा व कथा त्यानें टिपून ठेविल्या, भूगर्भाचा अभ्यास केला, आणि टाकळघाट येथील जुनीं शिलावर्तुळें पाहून परततांना १८६३ मध्यें तो नाल्याच्या पुरांत बुडून वारला. तो स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा. स्कॉटलंडांतील प्रेस्बिटेरियन लोकांनीं धर्मसुधारणेच्या वेळींच, १५६० नंतर, बायबलांत आज्ञा नाहीं म्हणून नाताळ टाकून दिला होता. १६४० मध्यें तेथील पार्लमेंटानें त्या दिवसांची सुटीही बंद केली. ती सुटी स्कॉटलंडास परत मिळाली ती थेट १९५८ सालीं. तोंपर्यंत भारताला स्वातंत्र्य मिळून अकरा वर्षें लोटलीं होतीं, आणि भारतांत २५ डिसेंबरची सुटी होतीच.

यावरून एक अनुमान काढण्यास हरकत नाहीं. नगर आणि नागपूर या मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोन मोठ्या केंद्रांत प्रथम जे गुरु आले, त्यांनीं दारावर तारे लावण्याचें शिक्षण आपल्या घरून आणलें असणें संभवत नाहीं. त्यांनीं आणलें तें पुस्तक, शाळा, छापखाना आणि दवाखाना. दिव्यांची हौस दुसरीकडून आली.

ती कांहीं अंशीं साहेबांच्या बंगल्यांवरून आली खरी. कंपनी सरकारच्या काळापासून ‘मोठा दिवस’ म्हणून नाताळ कचेऱ्यांना ठाऊक होता. त्या दिवशीं हाताखालचे लोक फळफळावळीची ‘डाली’ घेऊन साहेबांच्या मुजऱ्यास जात. बंगल्याची सजावट मात्र साहेब करीत नसे, त्याचे नोकर करीत; आणि त्यांना जी सजावट ठाऊक होती तीच ते करीत. म्हणजे फाटकाला केळीचे खांब आणि दारावर झेंडूच्या माळा. विलायतेहून नव्यानें आलेल्या मडमेस आपल्या घरीं कोणाचें तरी लग्न आहे असें वाटावें, असा तो थाट असे. इंग्रजांच्या नाताळानें भारताचें दार सजविलें असें म्हणण्यापेक्षां भारतीय माळ्यानें इंग्रजांचा नाताळ सजविला, असें म्हणणें अधिक योग्य होईल.

परंतु खरी जुनी परंपरा कोंकणपट्टीची. ‘नाताळ’ हा शब्दच इंग्रजी नव्हे. जन्म या अर्थाच्या पोर्तुगीज ‘नाताल’ शब्दापासून तो मराठींत आला. गोंवा १५१० मध्यें आणि वसई १५३४ मध्यें पोर्तुगीजांच्या हातीं गेली. १५७९ मध्यें गोंव्यास आलेल्या फादर स्टीफन्सनें ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओव्यांत गुंफली, आणि त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापून निघालें. ज्या राज्यांत हें पुराण छापलें गेलें त्याच राज्यांत धर्मन्यायासनाचा अंमलही होता. १७३६ च्या त्याच्या जाहीरनाम्यानें नवख्रिस्ती लोकांच्या अनेक जुन्या चालीरीति बंद केल्या. घराच्या आवारांत तुळस लावण्याचीही मनाई केली. आजही गोंव्यांत ख्रिस्ती घरांपुढें अंगणांत उंच चौथऱ्यावर क्रूस उभा असतो. चौथऱ्याचा घाट, त्याची घरासमोरची जागा, संध्याकाळीं त्यापुढें लागणारा दिवा, हें सर्व पाहिलें म्हणजे हुकूम कोणाचा आणि अंगण कोणाचें, हें पाहणारास निराळें सांगावें लागत नाहीं.

त्याच अंगणांत नाताळाचा गोठा मांडतात. हा प्रघात युरोपांत रूढ करण्याचें श्रेय संत फ्रान्सिसकडे जातें. १२२३ मध्यें ग्रेच्चो या गांवीं त्यानें खरा बैल व खरें गाढव आणून देखावा उभारला. गोंव्याच्या गोठ्यांत गवताचें छप्पर असतें, हिरवें दिसावें म्हणून आधीं पेरून ठेविलेलें धान्याचें कोंवळें रोप असतें, आणि वर कागदी तारा. त्या ताऱ्यास कोंकणींत ‘नखेत्र’ म्हणतात. आपल्या ‘नक्षत्रा’चेंच तें घरगुती रूप. वसईकडे चिमाजी आप्पानें १७३९ मध्यें किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. परंतु सामवेदी व वाडवळी बोली बोलणारे ख्रिस्ती गांवकरी राहिले आणि त्यांचा नाताळही राहिला. पुढें मुंबई वाढली. गोंव्याचे आणि वसईचे लोक तेथें नोकरीस गेले, देशावरचे ख्रिस्ती लोकही गेले, आणि एकाच चाळीच्या गॅलरींत एकाचें पाहून दुसऱ्यानें तारा बांधला, असें मानणें साहजिक आहे. चाळींत हें फार लवकर होतें.

चांद्यास मात्र एक निराळाच योग जुळून आला. येथें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जें मिशन निघालें तेंही स्कॉटलंडचेंच, पण प्रेस्बिटेरियन नव्हे. तें स्कॉटलंडांतील लहानशा एपिस्कोपल चर्चचें. हे लोक इंग्लंडच्या चर्चप्रमाणें वर्षाचे सण पाळणारे. सणांना विरोध करणाऱ्या आपल्या देशांतच ते अल्पसंख्य होते, म्हणून सणांविषयीं अधिक आग्रही होते असें म्हटलें तरी चालेल. या मिशनांत अनेक वर्षें राहिलेला अलेक्स वुड पुढें १९१९ मध्यें छोटा नागपूरचा आणि १९२६ मध्यें नागपूरचा बिशप झाला. तेव्हां एका स्कॉटलंडांतून नाताळ न पाळणारे नागपुरास आले आणि नाताळ पाळणारे चांद्यास, अशी ही विभागणी आहे. शंभर मैलांच्या आंत दोन्हीं!

जो तारा आज सर्वत्र दिसतो त्याच्या आकाराचाही इतिहास आहे. जर्मनींत मोरावियन पंथाच्या लोकांची नीस्की या गांवीं एक शाळा होती. तेथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत भूमितीचा धडा म्हणून मुलांकडून कागदाचा बहुकोनी तारा करवीत. चौरस व त्रिकोण जोडून बनणाऱ्या घन आकृतीच्या प्रत्येक बाजूवर एकेक सुळका बसवावयाचा, हें त्यांतील तत्त्व. रूढ ताऱ्याला असे पंचवीस सुळके असतात, सतरा चौकोनी बुडाचे आणि आठ त्रिकोणी बुडाचे. सव्विसावी बाजू दिवा घालण्यास मोकळी राहते. मुलें सुटींत घरीं गेलीं तीं ही विद्या घेऊन गेलीं, आणि शतकाच्या अखेरीस हेर्नहूट येथील पीटर फेर्बेक नांवाच्या पुस्तकविक्रेत्यानें तो विकावयास काढला. मोरावियन मिशनरी भारतांतही होते. हिमालयांत केलांग येथें १८५६ पासून आणि लेह येथें १८८५ पासून. दिवाळीचा जुन्या पद्धतीचा आकाशकंदील ज्यानें केला आहे त्यास हा जर्मन तारा परका वाटणार नाहीं. चौकोन आणि त्रिकोण तेथेंही तसेच एकमेकांस टेकलेले असतात. एकानें दुसऱ्याची नक्कल केली असें यावरून ठरत नाहीं. कागद, काडी आणि दिवा हीं तीनच साधनें हातीं असलीं म्हणजे भूमिति सर्वांना एकाच ठिकाणीं आणून सोडते.

मराठी घरांतील साधा तारा मात्र पंचकोनी. त्यास दहा कामट्या लागतात. पांच कामट्या एकमेकींवरून तिरप्या नेऊन टोंकें बांधलीं म्हणजे एक तारा होतो, तसाच दुसरा. टोंकांच्या प्रत्येक कोनास छत्तीस अंश मिळाले पाहिजेत, नाहींतर तारा एका बाजूस लुळा पडतो. मग दोन्हीं तारे पाठीला पाठ लावून पांचही टोंकांशीं बांधावयाचे, आणि मधल्या पांच सांध्यांत बोटभर लांबीच्या काड्या आडव्या देऊन त्यांचीं पोटें फुगवावयाचीं. वर पतंगाचा कागद खळीनें चिकटवावयाचा. कामटी निवडतांना पेर टाळावें लागतें. पेरापाशीं ती वांकत नाहीं, मोडते. फिलिपाईन्स बेटांत स्पॅनिश राज्यापासून असाच बांबूचा तारा करतात आणि त्यास ‘पारोल’ म्हणतात. कंदील या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाचें तें अपभ्रष्ट रूप आहे. जेथें बांबू आहे तेथें नाताळाचा तारा बांबूचाच झाला.

येथें त्या नवख्रिस्ती घराच्या दाराकडे पुन्हा यावें लागतें. कार्तिकांत उंच वेळूवर आकाशदिवा चढविण्याची हिंदूंची चाल फार जुनी. तो पितरांना वाट दाखवितो अशी श्रद्धा. ज्या कुटुंबानें धर्म बदलला त्याच्या दारावरून हा दिवा उतरला, उंबऱ्यापुढची रांगोळी पुसली गेली, आंब्याच्या पानांचें तोरण गेलें. आप्तांनीं दार टाकलें तें वेगळेंच. हा तुटलेपणा किती खोल जात असे हें लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांच्या हातीं नवा करार पडला तो नागपूरहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई दुरावल्या, परतल्या आणि १९०० मध्यें त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. पुढें नगरास अमेरिकन मिशनमध्यें, म्हणजे त्या बोस्टनच्या परंपरेंत राहून, टिळकांनीं अभंग, ओवी आणि कीर्तन यांना देवळांत स्थान मिळवून दिलें. ख्रिस्ती होण्यासाठीं मराठीपण सोडावें लागत नाहीं, हा त्यांचा जन्मभरचा झगडा होता. तो शब्दांचा आणि सुरांचा होता. दारावरचा तारा त्यांनीं लावला असें कोणी म्हणूं नये. परंतु ज्या घरानें आकाशदिवा उतरविला होता, त्या घराला दीड महिन्याच्या अंतरानें तीच काडी, तोच कागद आणि तीच दोरी पुन्हा हातीं घेण्याची मुभा या ताऱ्यानें दिली. दिवाळींत अंधारें राहिलेलें दार नाताळांत गल्लीला दिसूं लागलें. शेजारचीं मुलें तो पाहण्यास येऊं लागलीं म्हणजे फराळाचें ताटही त्यांच्यामागून येण्यास फार वेळ लागत नाहीं.

ही काडी ज्या रानांतून येते त्या रानाची हकीकत इतकी गोड नाहीं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत मानवेल बांबू विपुल; बुरुडाचीं सुपें, टोपल्या, परड्या, हारे सर्व त्याचेच. परंतु १९२७ च्या वनकायद्यानें बांबूस झाडांत गणलें, आणि झाड सरकारचें. गांवकऱ्यास निस्तारापुरता बांबू मिळे तो उपकारादाखल. दुसरीकडे १९४५ मध्यें स्थापन झालेल्या कंपनीच्या बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे याच जंगलांचा बांबू मालमोटारी भरभरून जात असे. वनस्पतिशास्त्र शिकविणारा कोणताही शिक्षक सांगेल कीं बांबू हें गवत आहे. पण हें कायद्याच्या गळीं उतरण्यास नव्वद वर्षें लागलीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबू गौण वनोपजांत घातला. गडचिरोली जिल्ह्यांतील धानोरा तालुक्यांत लेखा-मेंढा या गोंड गांवास २००९ मध्यें सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू रानाबाहेर नेण्याचा परवाना देण्याचा अधिकार वनखात्यानें सोडला नाहीं. शेवटीं एप्रिल २०११ मध्यें केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश स्वतः त्या गांवीं गेले, तेव्हां परवान्याचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं आलें. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूस झाडाच्या व्याख्येंतून वगळण्याची दुरुस्ती २०१७ ची. चार आण्यांच्या कामटीमागें एवढें राजकारण असेल, अशी तारा विकत घेणारास कल्पना नसते.

सावलीचा या बाबींशीं संबंध अगदींच नाहीं असें नाहीं. १९३६ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस व मार्चच्या आरंभीं गांधी सेवा संघाचें अधिवेशन सावलीस भरलें आणि महात्मा गांधी तेथें राहिले. सावली हें खादीचें केंद्र होतें. त्यापूर्वीं थोड्याच काळापूर्वीं, १९३४ च्या डिसेंबरांत, ग्रामोद्योग संघ निघाला होता आणि हातकागद हा त्याच्या उद्योगांपैकीं एक होता. गांवच्या माणसाच्या हातीं गांवचाच माल राहावा, हें जें तेथें बोललें जात होतें तें सुताइतकेंच कागदाला आणि वेळूलाही लागू होतें.

विजेच्या दिव्यांनीं आतां निराळा थाट आणला आहे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानें १८८२ च्या डिसेंबरांत न्यूयॉर्क येथील आपल्या घरीं लाल, पांढऱ्या व निळ्या ऐंशी दिव्यांनीं नाताळाचें झाड उजळलें. त्याचीच संतति आज गच्च्यांवरून लोंबते. बाजारांतील तारेही बहुतेक प्लास्टिकचे, घडी होणारे, पावसांत न भिजणारे. बुरुडाच्या हातास त्यांत काम नाहीं, मुलांच्या हातासही नाहीं.

१९७० च्या नोव्हेंबरांत उत्तर भारतांतील प्रॉटेस्टंट पंथांचें एकीकरण होऊन नवें संयुक्त चर्च स्थापन झालें, तें नागपुरांतच. हिस्लॉपच्या परंपरेचे, नगरच्या अमेरिकन मिशनच्या परंपरेचे आणि चांद्याच्या बिशपांचे, असे सर्वांचे वारस एका छपराखालीं आले. नाताळ पाळावा कीं नाहीं हा प्रश्न त्या वेळीं कोणी काढल्याचें दिसत नाहीं; तो प्रश्न घरोघरच्या दारांनीं आधींच निकालांत काढला होता.

तारा सहा जानेवारीपर्यंत ठेवावयाचा, असा जुना नेम आहे. त्या दिवशीं ज्योतिषी येऊन पोहोंचले असें मानतात. मग तो उतरवितात. कागद तोंवर दंवानें विरलेला असतो, पण कामट्या चांगल्या असतात. आणि आठ दिवसांवर संक्रांत आलेली असल्यामुळें त्या मुलांच्या दृष्टीस पडल्या तर माळ्यावर जात नाहींत, पतंगांना लागतात.